पायाखालच्या जमिनीचं दप्तर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

जमिनीला भोक पाडून तिच्या पोटात काय आहे ते लिहून ठेवायचं, हा माझा चाळीस वर्षांचा व्यवसाय. तिपाई उभी राहिली, पंप सुरू झाला की चाळीतल्या बायका विचारायला येत, ‘पाणी कधी लागणार?’ पाणी आम्हाला नकोच असे. आम्हाला हवी असे जमिनीची ताकद. त्यासाठी साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून पुन्हापुन्हा सोडायचा आणि खालचं पोलादी नळकांडं तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. खाडीच्या गाळात दोन-तीन ठोक्यांत काम होतं. घट्ट मुरमात तीस-चाळीस लागतात. कातळावर नळकांडं जागचं हलत नाही, तेव्हा आमचे खलाशी वर बघून ओरडत, ‘रिफ्यूजल!’ इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसांच्या तोंडी हा शब्द इतका रुळला होता की, जेवणाचा डबा संपला तरी ते ‘रिफ्यूजल आलं’ म्हणत.

हे ठोके मोजणाऱ्यांची एक संस्था आहे. तिचं आजचं नाव इंडियन जिओटेक्निकल सोसायटी. डॉक्टरांच्या, वकिलांच्या संस्था लोकांना माहीत असतात. मातीवाल्यांची संस्था असते हे ऐकून बहुतेकांना हसू येतं. तरी या संस्थेबद्दल बोलायचं मी ठरवलं, कारण आमच्या प्रभादेवीत गेल्या तीस वर्षांत जेवढी जमीन खणली गेली तेवढी त्याआधीच्या दोनशे वर्षांत खणली गेली नसेल, आणि त्या खणण्यातून जे कळलं ते गेलं कुठे, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

मातीची पारख ही काही साहेबांनी आणलेली विद्या नाही. देशावरच्या कुठल्याही जुन्या गावात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द ऐकू येतात. शेत काळीत, घरं पांढरीवर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेली भिंत दर वर्षी वरखाली होते. हे कोणी प्रयोगशाळेत सिद्ध केलं नव्हतं. पिढ्यानुपिढ्या घरं तडकली, त्यातून आलेलं ते शहाणपण होतं आणि गावाच्या रचनेतच ते नोंदलं गेलं होतं. मुंबईला मात्र अशी पांढरी मिळाली नाही. इथे बेटं होती, त्यांच्यामध्ये खाड्या होत्या, आणि माणसं आली तशी खाड्या बुजवत शहर वाढलं. जुन्या नोंदी उरल्या त्या नावांत. धोबीतलाव, सी. पी. टँक ही नावं घेताना तलाव कुणाला आठवत नाहीत, पण पाया खणणाऱ्यानं ते आठवावेत.

मुंबईतली सर्वांत जुनी पाया खचल्याची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, फक्त ती आपण देवीची गोष्ट म्हणून ऐकतो. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरे आणि बेटाच्या मध्यावरचा सखल भाग बुडवून टाकी. ते खिंडार बुजवणारा बांध म्हणजे हॉर्नबी व्हेलार्ड. तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. आख्यायिका अशी की भिंत बांधली की ढासळे. मग रामजी शिवजी प्रभू यांच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती निघाली, आणि त्यानंतर भिंत टिकली. श्रद्धेला मी हात लावत नाही. पण आमच्या धंद्यातला माणूस ही गोष्ट ऐकतो तेव्हा त्याला वेगळंच काही दिसतं. मऊ गाळावर दगड टाकले की ते बुडतात, बाजूचा गाळ वर येतो, पुन्हा दगड टाकावे लागतात, आणि कधीतरी बुडालेल्या दगडांचीच भक्कम बैठक तयार होते. प्रत्येक ढासळलेली भिंत पुढच्या भिंतीचा पाया झाली असावी, असा माझा तर्क. तेव्हाच्या कामगारांना हे नक्की कळलं असणार. त्यांनी ते लिहून ठेवलं नाही, किंवा लिहायला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी मात्र मुंबईत जमिनीबद्दल विचारणारी आणि लिहून घेणारी जागा तयार झालेली होती. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८५२ साली हेन्री जॉन कार्टर या डॉक्टरांनी मुंबई बेटाच्या भूगर्भावर मोठा लेख लिहिला. वरळीच्या टेकडीचं प्रकरण त्यात मोठं गमतीचं आहे. वर काळा कातळ, आणि त्याच्या खाली मऊ पानापानांची, काळपट माती होऊ पाहणारी शेल. त्या शेलमध्ये चिमुकले बेडूक सापडले, दगड झालेले. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच त्यांना शास्त्रीय नाव दिलं होतं. आज ते इंडोबॅट्रॅकस म्हणून ओळखले जातात. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या काळात इथे डबकी होती, त्यांत हे बेडूक राहत.

बेडकांचं कौतुक प्राणिशास्त्रज्ञांनी करावं. मला त्यातली ओळ महत्त्वाची वाटते ती ही, की कातळाच्या खाली मऊ थर आहे. मुंबईत ‘खडक लागला’ हे वाक्य ऐकलं की मालकाचा जीव भांड्यात पडतो आणि बोअर थांबवायची घाई होते. पण वरळी-प्रभादेवीच्या पट्ट्यात खडक लागला म्हणजे काम संपलं असं नाही. आणखी दोन-तीन मीटर खाली गेलं तर तोच खडक पिवळसर टफ होतो, किंवा नखानं खरवडता येईल अशी शेल लागते. हे कार्टरच्या लेखात १८५२ पासून छापलेलं आहे आणि आजही कुणालाही वाचता येतं. एका संस्थेच्या सभेपुढे ठेवलं म्हणून ते टिकलं.

पुढची गोष्ट बॅकबेची. १९२० च्या दशकात कुलाब्याच्या बाजूनं समुद्र हटवून सुमारे ११४५ एकर जमीन काढायची योजना सरकारनं हाती घेतली. गव्हर्नरचंच नाव दिलेला ‘सर जॉर्ज लॉइड’ हा ड्रेजर बंदराच्या तळाचा गाळ खेचून नळांतून पलीकडे टाकणार होता. पण तळाची चिकणमाती अपेक्षेपेक्षा घट्ट निघाली आणि ड्रेजरचं काम अंदाजाच्या आसपासही पोचेना. टाकलेला गाळ दगडी भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगला. बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं, १९२६ मध्ये चौकशी समिती बसली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आपण हे सगळं भ्रष्टाचाराचं आणि राजकारणाचं प्रकरण म्हणून वाचतो, आणि ते तसं होतंही. पण मुळाशी एक साधी गोष्ट होती. समुद्राच्या तळाची माती नेमकी कशी आहे, ती खेचली, टाकली, वाळली की कशी वागेल, हे आधी आकड्यांत सांगण्याचं शास्त्रच हाताशी नव्हतं.

ते शास्त्र त्याच सुमारास जन्माला येत होतं. प्रागमध्ये जन्मलेले कार्ल तेरझागी हे इस्तंबूलच्या एका कॉलेजात शिकवत असताना पडीक सामानातून उपकरणं बनवून मातीवर प्रयोग करत होते. १९२५ साली व्हिएन्नात त्यांचं जर्मन पुस्तक निघालं आणि मृदा यांत्रिकीची गणना तिथून होते. त्यांनी काय सांगितलं ते लालबाग-परळच्या मूर्तिकारांना एका वाक्यात कळेल. ओल्या मातीच्या गोळ्यावर वजन ठेवलं की पहिल्यांदा ते वजन आतलं पाणी पेलतं. पाणी हळूहळू निघून जातं तसतसं वजन मातीच्या कणांवर येतं, आणि तेव्हा माती आवळते. म्हणजे इमारत आज उभी केली तरी खालचा गाळ पुढची कितीतरी वर्षं खचत राहणार. आणि गाळाचा थर दुप्पट जाड असेल तर लागणारा वेळ दुप्पट नव्हे, चौपट. शाडूची छोटी मूर्ती चार दिवसांत सुकते आणि मोठीला पंधरवडा पुरत नाही, यामागे याच जातीचा हिशेब असतो.

१९३६ मध्ये हार्वर्डला या लोकांची पहिली जागतिक परिषद भरली आणि आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेरझागी तिचे पहिले अध्यक्ष. मग महायुद्ध आलं. दुसरी परिषद भरली ती थेट १९४८ मध्ये रॉटरडॅमला, आणि त्याच साली भारतातही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. नाव लांबलचक होतं: इंडियन नॅशनल सोसायटी ऑफ सॉइल मेकॅनिक्स अँड फाउंडेशन इंजिनिअरिंग. १९७० मध्ये ते आटोपशीर करून इंडियन जिओटेक्निकल सोसायटी झालं. जागतिक संस्थेनं आपल्या नावात ‘जिओटेक्निकल’ हा शब्द घातला १९९७ मध्ये. म्हणजे नाव बदलण्यात आपण सत्तावीस वर्षं पुढे होतो. बाकीच्या गोष्टींत किती पुढे होतो ते विचारू नका.

१९४८ हे साल ध्यानात घ्या. देश नवा, धरणं बांधायची होती, कालवे काढायचे होते, आणि हे सगळं मातीवर आणि मातीनंच व्हायचं होतं. १९६० मध्ये आशियाई विभागाची पहिली परिषद नवी दिल्लीत भरली. आणि पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत फुटलं.

पानशेतचं धरण मातीचं. बांधकाम पुरं व्हायच्या आत त्यात पाणी साठलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याच्या मोरीला लोखंडाची जोड दिलेली नव्हती. ती मोरी कमजोर झाली, तिच्यावरचा भराव खचत गेला, लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली, आणि तरीही धरण गेलं. त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फुटलं आणि पुणं बुडालं. पुढे न्यायालयीन चौकशी आयोग बसला. आयोगापुढे अभियंता बोलतो तो वकिलाच्या सल्ल्यानं, तोलून मापून. ते योग्यही आहे, कारण तिथे जबाबदारी ठरायची असते. पण ज्याला उद्या दुसरं धरण बांधायचं आहे, त्याला आणखी एक जागा लागते, जिथे कुणी आरोपी नसतो आणि ‘आमच्या मातीनं असं केलं’ एवढंच सांगायचं असतं. मृदा यांत्रिकीच्या संस्थेची गरज मला पानशेतच्या संदर्भात पटते.

अशा जागेतून काय निघतं याचं चांगलं उदाहरण मुंबईचंच आहे. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर कितीतरी वर्षं काम केलं. काळी फुगते म्हणून कालव्याचं अस्तर उचकटतं, रस्ते उखडतात, घरं तडकतात. कट्टींनी दाखवलं की तिच्यावर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, साधारण मुरमाच्या जातीचा, मीटरभराच्या आसपास जाडीचा थर दाबून घातला की काळी आवरली जाते. त्याला ‘सीएनएस’ थर म्हणतात. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर तो वापरला गेला. त्यांचं या विषयावरचं वार्षिक व्याख्यान १९७९ मध्ये संस्थेच्या जर्नलमध्ये छापलं गेलं, ऐंशी पानांचं. ते वाचताना मला काळी-पांढरीची आठवण झाली. जोत्यात मुरूम भरणाऱ्या गवंड्याला जे हातानं कळत होतं, त्याला इथे आकडे मिळाले होते.

मुंबई शाखेच्या संध्याकाळच्या व्याख्यानांना मी मागच्या रांगेत बसत असे. श्रोते पन्नाससुद्धा नसत. पण त्यात प्राध्यापक असत, पाइलचे कंत्राटदार असत, पालिकेतले आणि रेल्वेतले अभियंते असत. दिवसभर एकमेकांशी पत्रव्यवहारानं भांडणारे लोक इथे एकाच किटलीतला चहा पीत. सर्वांत चांगलं व्याख्यान ते, ज्यात काहीतरी बिघडलेलं असे. पडद्यावर वाकडी झालेली पाइल दिसली की मागच्या रांगेतले लोकही पुढे सरकून बसत. प्रश्नोत्तरांत कुणीतरी हळूच म्हणे, ‘शेजारच्या प्लॉटवर आम्हालाही हेच लागलं होतं.’ त्या एका वाक्यासाठी लोक येत, असं मी आजही म्हणेन.

आता प्रभादेवीकडे येतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि आमच्या भागाचं पुढचं आयुष्य ठरलं. १९९१ च्या विकास नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली. स्टँडर्ड मिलसारख्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, मग बैठ्या चाळींचा पुनर्विकास आला. जिथे दोन मजली चाळ दगडी पायावर चार-पाच फूट खोल उभी होती, तिथे चाळीस मजले आणि खाली गाड्यांसाठी तळघरं. तिपाई आणि छिन्नीचा ठणठणाट जाऊन हायड्रॉलिक रिग आले. प्रत्येक प्लॉटवर बोअर घेतले गेले, कारण ते घेतल्याशिवाय पायाचं डिझाइन होत नाही. हिशेब केला तर गोखले रोड ते समुद्र एवढ्या टापूत जमिनीची इतकी भोकं पाडली गेली आहेत की त्यांवरून खालच्या कातळाचा नकाशा हुबेहूब काढता यावा.

तो नकाशा आमच्या हाती नाही. अहवाल बिल्डरच्या कपाटात जातो, एक प्रत सल्लागाराकडे, एक मंजुरीच्या कागदांत. काम संपलं की कपाट बदलतं.

आमच्या एका कामावर दोन बोअर वीस फुटांच्या अंतरावर होते. एकात चार मीटरवर कातळ, दुसऱ्यात अकरा मीटरपर्यंत काळा, कुजक्या वासाचा गाळ. मालकाला वाटलं आम्ही मोजण्यात गोंधळ केला. तिसरा बोअर मधोमध घेतला, तो आठ मीटरवर लागला. म्हणजे तिथून कधीकाळी खाडीची एखादी शिरा जात होती. समोरच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ गॅलरीतून हे सगळं बघत होते. ते खाली येऊन म्हणाले, ‘अहो, आमची बिल्डिंग झाली तेव्हाही त्या कोपऱ्यात असंच झालं होतं. सहा महिने काम बंद होतं.’ त्यांच्या इमारतीचा अहवाल मी पुष्कळ शोधला. ज्या कंपनीनं तो केला ती बंद पडली होती. मालकाचे दोन महिने आणि तिसऱ्या बोअरचा खर्च गेला, त्याचं मला विशेष वाटलं नाही. पण तो मधला बोअर घेतला नसता आणि सगळ्या पाइल चार मीटरच्या हिशेबानं धरल्या असत्या, तर?

खरी काळजी तळघरांची आहे. खड्डा कोरडा ठेवायला दिवसरात्र पंप चालतो. तेरझागींचा हिशेब इथे उलटा लागू होतो: शेजारच्या जमिनीतलं पाणी निघून जातं, त्या पाण्यानं पेललेलं वजन मातीवर येतं, आणि शेजारची जुनी चाळ खचू लागते. चाळीतल्या माणसाला त्यातलं काही ठाऊक नसतं. त्याला दाराच्या वर तिरकी चीर दिसते. शहाणा अभियंता असेल तर त्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितो. पट्टी तडकली की भिंत अजून हलते आहे हे कळतं. २५ जून २०१८ ला वडाळ्यात, भर पावसात, खोदकामाच्या कडेचा रस्ता शेजारच्या सोसायटीच्या भिंतीसकट खड्ड्यात गेला आणि उभ्या मोटारी ढिगाऱ्यात गाडल्या गेल्या. पहाटेची वेळ होती म्हणून त्या रस्त्यावर माणूस नव्हता.

सार्वजनिक कामांची गोष्ट जरा बरी आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या वरळीच्या सागरी सेतूचे पाये समुद्राच्या तळात ६ ते ३४ मीटर खोल गेले, कारण दर थोड्या अंतरावर खडकाचा पोत बदलत होता. तिथे पाइलच्या पोटातच जॅक पुरून ती किती भार घेते हे तपासलं गेलं, आणि त्यावर परिषदांमधून निबंध वाचले गेले. मे २०२५ मध्ये आमचं सिद्धिविनायक मेट्रो स्थानक सुरू झालं, त्याआधी कितीतरी वर्षं आसपासच्या भिंतींवर छोटे चकाकणारे प्रिझम लावलेले होते. खालचा बोगदा पुढे सरकताना वरची इमारत किती मिलिमीटर हलते ते त्यांवरून मोजत. मुलांना वाटे कॅमेरे बसवलेत. २०१० मध्ये मुंबई शाखा आणि आयआयटीनं मिळून राष्ट्रीय परिषद भरवली तेव्हा अशा कामांचेच निबंध येत होते. खाजगी प्लॉटांचे त्यामानानं फार थोडे.

हे जगात सगळीकडे असंच चालतं असं नाही. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दहा लाखांहून जास्त बोअरच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा कुणालाही घरबसल्या बघता येतात. नेदरलँड्समध्ये, जिथे १९४८ ची ती परिषद भरली होती, १ जानेवारी २०१८ पासून कायदाच आहे: सरकारी यंत्रणांनी जमिनीखालची माहिती एका राष्ट्रीय नोंदवहीत जमा करायची. तो देशही आपल्यासारखाच समुद्राला हटवून उभा राहिलेला. आपल्याकडे हे करायला नवं यंत्र लागत नाही. बांधकामाच्या परवानगीबरोबर बोअरची एक प्रत सार्वजनिक दप्तरात द्यायची, मालकाचं नाव हवं तर झाका, ठोके आणि खोली उघडी ठेवा. संस्थेनं हे पदरात घ्यावं असं मी शाखेच्या सभेत दोनदा म्हटलं. टाळ्या दोन्ही वेळा पडल्या. एका कंत्राटदार मित्रानं मात्र नंतर चहाच्या वेळी विचारलं, ‘माझ्या पैशानं काढलेली माहिती शेजारच्याला फुकट का देऊ?’ त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला विचारलं, शेजारचा तळघर खणायला लागला की तुझी इमारत कुठे नेणार आहेस? त्यानं बिस्किट चहात बुडवलं आणि विषय बदलला.

बोअरमधून निघालेल्या कातळाच्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीनं ठेवतात. पेटीवर बोअरचा नंबर आणि खोली रंगानं लिहितात. पाया भरला की त्या पेट्यांकडे कुणी बघत नाही. आमच्या एका साइटवर त्या पावसाळाभर छपराखाली पडून होत्या. दिवाळीनंतर गेलो तर लाकूड पहारेकऱ्याच्या चुलीत गेलेलं आणि कांड्या फाटकाजवळच्या चिखलात, ट्रकची चाकं रुतू नयेत म्हणून अंथरलेल्या. त्यांत एक कांडी काळपट, पानापानांची होती. बेडूक काही तिच्यात नव्हता. मी वाकून पाहिलं.